डॉक्टर अक्कांची बिनक्लचची गाडी

सगळं कळण्याचा आजार मला आयुष्यात एकदाच झाला, पण चांगला वर्षभर टिकला. धुळ्याच्या तांत्रिक शाळेतून मोटार मेकॅनिकचा कोर्स पुरा करून मी जळगावला घरी परतलो तेव्हा तो ऐन भरात होता. खिशाला पेन, कमरेला स्वतःचा पाना आणि तोंडात इंग्रजी सुट्या भागांची नावं, असा मी एकोणीस वर्षांचा सुधाकर आमच्या गॅरेजच्या दारात उभा राहिलो आणि वडिलांना, म्हणजे नानांना, पहिल्याच दिवशी सांगितलं की आता तुम्ही थोडी विश्रांती घ्या. नाना जीपखाली झोपलेले होते. त्यांनी खालूनच हात बाहेर काढला आणि म्हणाले, "चौदा-पंधराचा पाना दे."

आमचं गॅरेज पुढे आणि घर मागे होतं. मधे एकच दार, आणि ते कधी लागत नसे, त्यामुळे दोन्हीकडचे आवाज आणि वास एकमेकांत मिसळून जात. पुढे हातोडा पडला की मागे मायच्या मांडणीवरचे पेले किणकिणायचे, आणि मागे ठेचा कुटला जाऊ लागला की पुढे ट्रकचा ड्रायव्हर खोकायचा. माझी आई, आम्ही तिला माय म्हणायचो, कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी थापताना गॅरेजमधल्या आवाजावरून ओळखायची की गिऱ्हाईक अजून किती वेळ थांबणार आहे, आणि त्या मानाने दोन भाकरी जास्त टाकायची. नानांचे कान तर तिच्याही पुढचे. ते मूळचे दोंडाईचाकडच्या खेड्यातले, शाळा चौथीपर्यंत. ट्रकवर क्लीनर म्हणून लागले आणि पुढे मेकॅनिक झाले. बोलणं शेवटपर्यंत अहिराणी. गाडी रस्त्याच्या वळणावर असतानाच ते सांगायचे, "हिनं मांगलं बेअरिंग गयं." मी या विद्येला अंदाजपंचे म्हणायचो. त्यांच्यासमोर नाही, मायसमोर. ती नानांना सांगायची.

माझ्या आजाराचं मूळ धुळ्याच्या शाळेतल्या एका टेबलावर होतं. कोण्या कापसाच्या जिनिंगवाल्याची जुनी अमेरिकन गाडी मोडीत निघाली होती आणि तिचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आमच्या सरांनी करवतीने मधोमध चिरून ठेवला होता. तोवर मला गाडी म्हणजे डाव्या पायाखाली क्लच एवढंच ठाऊक. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये एक थाळी दाबून बसलेली असते. पायाने क्लच दाबला की थाळी सुटते, तेवढ्यात हाताने गिअर बदलायचा, पाय सोडला की पुन्हा थाळी चिकटते. त्या चिरलेल्या डब्यात मात्र थाळीच्या जागी तेलात बुडालेले दोन पंखे समोरासमोर. सर म्हणाले, टेबलावर दोन पंखे तोंडाला तोंड लावून ठेवा, एकच चालू करा, त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरायला लागेल. इथे वाऱ्याऐवजी तेल आहे. पुढचे गिअरही निराळे. मधे एक चाक, त्याच्याभोवती छोटी चाकं घिरट्या घालणारी, आणि कोणतं चाक कधी धरायचं आणि कधी सोडायचं हे तेलाचा दाब गाडीचा वेग बघून ठरवणार. माणसाने दांडी एकदा पुढे जायच्या खुणेवर ठेवायची आणि हात झटकायचे. मी त्या डब्यापुढे तासन्‌तास बसायचो. जळगाव जिल्ह्यात ऑटोमॅटिक कळणारा आपण एकटे, असं मी परतीच्या बसमध्येच ठरवून टाकलं होतं.

अशा मुहूर्तावर डॉक्टर अक्कांची गाडी आमच्याकडे आली.

अक्का आमच्याच भागातल्या. लहानपणी पोलिओने त्यांचा डावा पाय वाळला होता. काठी घेऊन चालायच्या, पण बोलताना त्यांना कशाचाही आधार लागत नसे. आठवड्यातून दोन दिवस, मंगळवारी आणि शनिवारी, यावलला जाऊन सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांतल्या बायका तपासायच्या. आधी दिराच्या गाडीने जात आणि दिराच्या मर्जीने परत येत. मग परदेशातल्या भावाने त्यांना एक जर्मन गाडी धाडली. कासवासारखी पाठ, इंजिन मागे, सामान ठेवायची जागा पुढे, आणि मुख्य म्हणजे पायाशी दोनच पट्ट्या, रेस आणि ब्रेक. डाव्या पायाला कामच नाही. त्या दिवसापासून अक्का कुणाला विचारून घराबाहेर पडल्या नाहीत.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी ब्रेक बघायला म्हणून त्यांनी ती गाडी आमच्या दारात आणली. मी पुढे झालो.

"हे बघ सुधाकर," अक्का उतरता उतरता म्हणाल्या, "ही गाडी जरा वेगळी आहे. गिअरच्या दांडीला..."

"माहीत आहे अक्का. ऑटोमॅटिक आहे."

"अरे पण दांडीला हात..."

"अक्का, धुळ्याला अख्खा डबा चिरून बघितलाय. तुम्ही बिनधास्त जा."

अक्कांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "बरं इंजिनिअर," म्हणाल्या आणि काठी टेकत निघून गेल्या. आज नवीन गाडी घेताना शोरूममधला पोरगा जी काय माहिती सांगतो ती मी शेवटच्या शब्दापर्यंत ऐकतो, पावसाळ्यात छत कसं लावायचं इथपर्यंत. त्या मुलाला वाटतं, म्हातारा भोळा आहे.

नानांनी गाडी आत घेतली आणि उतरून जरा वेळ तिच्या पाठीशी कान देऊन उभे राहिले. "ह्या गाडीले किलच शे," ते म्हणाले.

"नाना, पायाशी बघा. कुठंय क्लच?"

"पायमा नही. पन शे. दांडीले हात लावा का मांगे टिक वाजस, मंग फुस्स करस. कोनीतरी किलच दाबी ऱ्हायना."

"कोण दाबणार? भूत?"

नाना ब्रेकच्या कामाला लागले.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आमच्याकडे दिवाळीपेक्षा हा दिवस मोठा. पाने, जॅक, हातोडे घासूनपुसून पाटावर मांडायचे, हळदकुंकू वाहायचं, आणि गॅरेजमध्ये असेल त्या प्रत्येक वाहनाला झेंडूची माळ घालायची, मग ते कुणाचंही असो. मायचा एक नियम होता, तिच्या सासूकडून आलेला: नवमीची माळ आपल्या हाताने काढायची नाही. ती वाळून आपोआप गळायला हवी, तोवर देवीचा हात त्या वस्तूवर असतो. आमच्या हातोड्यांना दिवाळीपर्यंत झेंडू चिकटलेले असत. अक्कांच्या गाडीत मायने गिअरच्या दांडीला माळ घातली आणि मांड्यांचं पुरण शिजलं का बघायला आत गेली. खापरावरचे मांडे असले की तिचं कशात लक्ष नसायचं. माळ गुळगुळीत मुठीवरून घसरली. मी पुन्हा घातली, पुन्हा घसरली. मग मी गॅरेजवाल्याचा कायमचा उपाय केला: सायकलच्या ट्यूबची एक पट्टी कापली, माळेच्या आतून दांडीला आवळली आणि ताणून हँडब्रेकला बांधली. पट्टी फुलांखाली दिसेनाशी झाली. माळ अशी बसली की बस. मी स्वतःवर खूश होऊन पाच मांडे खाल्ले.

दसऱ्याला गॅरेज बंद. त्याच्या दुसऱ्या दिवशी अक्का गाडी न्यायला आल्या तेव्हा मी दिमाखात चावी फिरवली, दांडी पहिल्या गिअरमध्ये टाकली आणि रेस दिली. इंजिन बोंबललं. गाडी जागची हलली नाही. दुसरा गिअर, तेच. उलटा गिअर, तेच. समोरच्या पानटपरीवरची माणसं उठून आली. मी उतरलो, हात पुसले, आणि डॉक्टर पेशंटच्या नातेवाइकांना सांगतात त्या आवाजात म्हणालो, "आतलं तेल गेलं. पंखे कोरडे फिरताहेत."

"चावी फिरावताच टिक वाजनी," नाना म्हणाले. "दांडीले हात लावाना पह्यलेच. आसं कसं?"

"नाना, हे आवाजाचं काम नाही."

नानांनी खांद्यावरचं फडकं झटकलं. सगळ्यांच्या देखत ते म्हणाले, "मंग गाडी तुनी. मी हात लावाव नही. पन ही चालनी नही तं दिवाळी व्हताच दोंडाईचाले जाय. मामाना दुकानमा मिरची मोज."

माझ्या मामांचं दोंडाईचाला लाल मिरचीचं दुकान होतं. एकदा सुट्टीत तिथे गेलो तेव्हा मी दारातच सलग चौदा शिंका दिल्या होत्या आणि मामांनी मोजल्या होत्या. ती धमकी पोकळ नव्हती. मामांना खरंच माणूस हवा होता.

मी आठ दिवस त्या गाडीत राहिलो म्हटलं तरी चालेल. मागचं इंजिन चार बोल्ट सोडून खाली उतरवलं. तेल बघितलं, काठोकाठ होतं. पंख्यांचा तेलाचा डबा होता, अगदी धुळ्यासारखा. माझी छाती फुगली. त्याच्यामागे हात घातला आणि हाताला थाळी लागली. क्लचची थाळी. नवीकोरी, नुकत्या पाडलेल्या नाण्यासारखी. मी ती पटकन फडक्यात गुंडाळायला गेलो, पण नाना पाठीशी उभे होते.

"काय शे ते?"

"थाळी," मी म्हणालो.

"कशानी?"

"...क्लचची."

नाना चहा प्यायला निघून गेले. त्यांच्या पाठीवरूनही ते हसताहेत हे कळत होतं.

मग मला त्या गाडीचं पोट हळूहळू उलगडलं. तिच्यात दोन्ही होतं: तेलातले पंखेही आणि थाळीही. पंख्यांमुळे गिअरमध्ये ब्रेक दाबून उभी राहिली तरी बंद पडत नसे, म्हणून ती ऑटोमॅटिक वाटायची. पण पुढचे गिअर आपले साधेच, दात्याला दाता लागणारे, आणि ते बदलायचे माणसानेच, हाताने. फक्त क्लच दाबणारा पाय गाडीचा स्वतःचा होता. इंजिन हवा ओढतं, त्या ओढीने पत्र्याच्या डबीतला पडदा मागे खेचला जातो आणि पडद्याला जोडलेला दांडा क्लच उघडतो. मी रबरी नळी तोंडात धरून हवा ओढली तर दांडा खसकन आत गेला. मायने ते दारातून पाहिलं आणि तिला वाटलं, मी गाडीचं तेल पितोय. हा पडदा कधी ओढायचा ते सांगायला विजेवर चालणारी एक झडप होती. टिक आवाज तिचा. चावी फिरवली की ती उघडायची आणि मिटायचं नाव घेत नसे. एवढं कळल्यावर कुणीही विचारलं असतं की तिला उघडायला सांगतं कोण. मी विचारलं नाही. मी म्हणालो, झडप बिघडली; जर्मनीहून मागवावी लागेल.

इतक्यात अक्का बसने यावलला जाऊन आल्या होत्या. दिराची गाडी मागायची नाही असा त्यांचा हट्ट. बसची पायरी उंच. दोघांनी वरून ओढलं, एकाने खालून ढकललं. "केळीचा घड चढवतात तसं चढवलं मला," त्या मायला सांगत होत्या आणि हसत होत्या, पण पदराने चष्मा पुसत होत्या तो जरा जास्त वेळ. "परवा शनिवारी जायलाच हवं. एका पोरीला जुळं आहे, दिवस भरलेत. मी येते म्हणून शब्द दिलाय. आता पुन्हा दिराच्या दारात उभी राहू?"

झडप यायला दोन-तीन महिने लागतील, हे त्यांना सांगायचं काम माझं होतं. रात्री जेवताना भरीत समोर होतं आणि मला त्याचा वास येत नव्हता. आठ दिवसांत पहिल्यांदा मिरचीच्या दुकानाचा विचार मनात आला नाही. अक्का बसच्या पायरीवर दिसत राहिल्या.

शनिवारी सकाळी इंजिन परत चढवून ठेवलं होतं. अक्का काठी टेकत आल्या. मी झडपेचं सांगितलं. त्यांनी ऐकलं आणि म्हणाल्या, "एकदा मला बसू दे. मागच्या सीटवर काठी ठेव." मी शेजारी बसलो. त्यांनी चावी फिरवली, झोकात गिअर टाकला, दोन्ही हात स्टिअरिंगवर घेतले, रेस दिली. इंजिन ओरडलं, गाडी उभी.

"हात काढ," अक्का म्हणाल्या.

"कुणाचा?"

"तुझा. दांडीवरचा."

माझ्या दोन्ही हातांत पाने होते. मी ते वर करून दाखवले.

अक्का बुचकळ्यात पडल्या. "मग ही मोकळी कशी पडतेय? अरे, हिच्या दांडीतच बटण आहे. हात लावला की क्लच सुटतो, म्हणून तर गिअर बदलता येतो. गिअर टाकला की लगेच हात काढायचा. नुसता टेकवून ठेवला तरी गाडी ओढत नाही. भावाने बजावलं होतं. मी त्या दिवशी तुला हेच सांगत नव्हते का?"

नाना खिडकीशी उभे होते. ते वाकले आणि दांडीकडे पाहिलं. दांडीवर झेंडूची वाळलेली माळ होती. नानांनी तिच्याकडे बोट दाखवलं.

"हाऊ हात," ते म्हणाले.

रबरी पट्टी ताणली की लांबते, त्यामुळे गिअर सगळे पडत होते. पण ती दांडीला सतत मागे ओढत होती, म्हणजे आतलं बटण कायम दाबलेलं. आठ दिवस त्या गाडीच्या दांडीवर हात होता. इंजिन उतरवलं, थाळी काढली, नळ्या चोखल्या, पण माळेला हात लावला नाही, कारण नवमीची माळ आपण काढायची नसते.

आताही नानांनी ती ओढली नाही. त्यांनी मायला हाक मारली. माय पिठाच्या हातांनीच आली. तिला सगळं सांगितलं. ती माळेकडे बघत राहिली, मग अक्कांकडे.

"आजच जानं शे, अक्का?"

"आजच."

मायने पदर डोक्यावर घेतला आणि हात जोडले. "माय, आते हात काढ," ती माळेला म्हणाली, "तठे एक पोर वाट देखी ऱ्हायनी." आणि तिने फुलं सोडली. वाळलेले झेंडू सीटवर गळाले, आणि खालून ती काळी पट्टी दिसली, माझ्या गाठीसकट. मायने पट्टी पाहिली, मग मला पाहिलं. एवढ्याशा वेळात मी दोंडाईचाला पोचून तीन पोती मोजली होती.

"माळ मीच बांधी," माय नानांना म्हणाली. "जरा घट्ट व्हयी गयी."

नानांनी पट्टी सोडवून खिशात टाकली. अक्कांनी गिअर टाकला. टिक, फुस्स, हात वर. रेस दिली आणि गाडी अशी सुटली की पानटपरीवाल्याने टाळी वाजवली. अक्कांनी पुढे जाऊन थांबवली. नाना मला म्हणाले, "बठ. संगे जाय. वाटमा उभी ऱ्हायनी तं ढकलाले कोनी पाहिजे."

मी बसलो. "इंजिनिअर," अक्का म्हणाल्या, "हात मांडीखाली." यावलपर्यंत मी हातांवर बसून गेलो. दोन्हीकडे केळीच्या बागा पळत होत्या, आणि अक्का दर गिअरला दांडीला नुसतं टिचकावून हात हवेत उचलायच्या, तबल्यावर थाप मारून उचलावा तसा. धुळ्याच्या टेबलाशी बसून जे कळलं नव्हतं ते त्या रस्त्यावर कळलं. अमेरिकन डबा स्वतःच ठरवतो आणि स्वतःच करतो. ही गाडी ठरवत काहीच नव्हती. कधी बदलायचं ते अक्का ठरवत होत्या, गाडी फक्त त्यांचा डावा पाय झाली होती. बहुतेक म्हणूनच त्यांना ती एवढी प्यारी असावी.

दवाखान्याबाहेर मी बाकावर बसलो होतो. दुपारी आतून एक रडणं ऐकू आलं. मी उठून उभा राहिलो. बऱ्याच वेळाने दुसरं, पहिल्यापेक्षा खणखणीत. अक्का हात पुसत दाराशी आल्या आणि म्हणाल्या, "पहिला आणि दुसरा, दोन्ही गिअर पडले रे."

संध्याकाळी घरी जेवायला बसलो तेव्हा माझ्याने राहवलं नाही. "नाना, माळ मायने नाही, मी बांधली होती."

नाना भाकरीचा तुकडा मोडत होते. "माले म्हाईत शे," ते म्हणाले. "तुनी माय पूजाले टूब वापरस का?"

माय तोंडाला पदर लावून इतकी हसली की तिला ठसका लागला. मी भीत भीत विचारलं, "मग मिरचीचं?"

"मामाले पोता मोजनारा मानूस पाहिजे, खोलनारा नही," नाना म्हणाले. जेवण झाल्यावर ते पुढे गॅरेजमध्ये गेले, आणि हातोड्याचे दोन ठोके ऐकू आले. मायच्या मांडणीवरचे पेले किणकिणले. सकाळी बघतो तर पान्यांच्या फळीवर नवीन खिळा ठोकलेला आणि त्याला ती पट्टी लटकावलेली. त्यावर नाना पुढे जन्मात एक शब्द बोलले नाहीत. पण मला एखादी गाडी उघडण्याआधी सर्वज्ञपणाचा झटका येऊ लागला की ते आपले खिळ्याकडे बघायचे. पुढच्या खंडेनवमीला मायने पाने, जॅक, हातोडे पाटावर मांडले आणि शेवटी खिळ्यावरून पट्टी काढून त्यांच्या शेजारी ठेवली, आणि तिलाही हळदकुंकू वाहिलं.

ती प्रथा अजून चालू आहे. रबर काही वर्षांनी भुगा होतं, मग मी नवी पट्टी कापतो. यंदा आमच्या सुनेने विचारलं, "बाबा, हा कोणता देव?" तिची गाडीही बिनक्लचची आहे, तीही तिला ऑटोमॅटिकच म्हणते. मी सांगितलं की बाई, तुझ्या गाडीच्या पोटात साधी थाळी आणि साधेच गिअर आहेत. फक्त पाय आणि हात दोन्ही यंत्राचे, म्हणून बदलताना मान डोलावते आणि पुलाच्या चढावर ब्रेक सोडलास की मागे येते. ती म्हणाली, "तुम्ही शेजारी बसलात की मला भीती वाटत नाही." तिच्या गाडीच्या दांडीला माणसाने दिवसभर धरून ठेवलं तरी काही बिघडत नाही, हे मला आता पक्कं ठाऊक आहे. तरी तिने नवमीची माळ आणली तेव्हा मी ती आरशाला बांधली, साध्या दोऱ्याने, आणि शेजारी बसलो तो दोन्ही हात मांडीखाली घेऊन.